उसन्या विजेचा हिशेब

वीज आहे किंवा वीज गेली, अशा दोनच अवस्था शहरातल्या माणसाला ठाऊक असतात. तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला तिसरीही ठाऊक असते. वीज असते, पण नसल्यासारखी असते. पंखा फिरतो, मात्र त्याची पाती मोजता येतात. गिरणीवाला सांगतो, 'दळण ठेवून जा, होल्टेज आलं की दळतो.' विहिरीवरची मोटर नुसतीच घुमते, पाणी उचलत नाही, आणि मालकाने हट्टाने चालू ठेवली तर तिचे वायंडिंग जळते. अलीकडे एलईडीचे दिवे आल्यापासून कमी दाबातही उजेड पडतो, त्यामुळे हे दुखणे वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. विजेच्या कंपनीच्या दप्तरी तर या घराला वीज मिळालेली असते, मीटर चालू असतो आणि बिलही येते.

पालघर जिल्ह्यात या तिन्ही अवस्था एकाच जिल्ह्याच्या हद्दीत पाहायला मिळतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. पश्चिमेला समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र. देशातल्या या पहिल्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली, आणि ती महाराष्ट्र व गुजरात यांनी वाटून घेतली. पुढे २००५ आणि २००६ साली तेथेच ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. थोडे उत्तरेला डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत, तिच्यात रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने. आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला डोंगर चढून गेले की विक्रमगड, जव्हार, मोखाडा. तिथल्या पाड्यांपर्यंत जाणारी तार रानातून, घाटातून, लांबच लांब गेलेली. पश्चिमेला एवढी वीज तयार होते आणि पूर्वेला पंख्याची पाती मोजता येतात, हे कोडे नोकरीच्या निमित्ताने या भागात आलेल्या प्रत्येकाला पडते. मलाही पडले होते.

उत्तर असे की वीज किती तयार होते हा एक प्रश्न आणि ती योग्य दाबाने पोचते की नाही हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर मंत्री भाषणे करतात, वर्तमानपत्रे मथळे देतात. दुसऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पुढच्या काळात मात्र, वारा आणि ऊन यांच्यावर आपण जसजसे अधिक विसंबू लागू, तसतसा हा दुसरा प्रश्न पुढे येत जाणार आहे. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. मी तर वाणिज्य शाखेचा माणूस.

आपल्या घरात जी वीज येते ती एका सेकंदात पन्नास वेळा मागेपुढे झुलत असते. दिव्यात, इस्त्रीत, शेगडीत ती जाते आणि खर्च होते. मोटरीचे तसे नाही. मोटर फिरायची तर तिच्या पोटात आधी चुंबकीय क्षेत्र उभे राहावे लागते. त्यासाठी मोटर थोडी वीज घेते आणि क्षणार्धात परत करते. पुन्हा घेते, पुन्हा परत करते. सेकंदाला शंभर वेळा ही देवाणघेवाण चालू असते. इंजिनिअर मंडळी तिला 'रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर' म्हणतात. आपण तिला उसनी वीज म्हणू. ती खर्च होत नाही, घरातला मीटर तिची नोंदही घेत नाही. पण ती नसेल तर मोटर चालत नाही आणि विजेचा दाब टिकत नाही.

उसनवारीचा एक नियम आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. वाटीभर साखर शेजारणीकडून आणायची असते. बोईसरच्या बाईने साखर उसनी आणायला रोज चर्चगेटला जायचे आणि संध्याकाळी परत करायला पुन्हा चर्चगेट गाठायचे ठरवले तर साखर तेवढीच राहील, पण गाडीतली एक जागा दोन्ही वेळा अडेल. आणि पाड्यापाड्यातून सगळ्याच जणी असे करू लागल्या तर कामावर जाणाऱ्यांना गाडीत पाय ठेवायला मिळणार नाही. उसन्या विजेचे नेमके हेच आहे. ती दूरवरून आणू लागलो की तारेतली जागा अडते, तार तापते, आणि वाटेत दाब पडत जातो. तारापूरहून खरी वीज गुजरातपर्यंत नेता येते, पण मोखाड्याच्या मोटरीला लागणारी उसनी वीज मोखाड्याजवळच कोणीतरी द्यावी लागते.

बोईसर भागातल्या एका बँकेच्या शाखेत मी नव्वदच्या दशकात काम करीत होतो तेव्हा ही गोष्ट मला कर्जाच्या कागदपत्रांतून कळली. छोट्या कारखानदारांच्या प्रस्तावाला वीज मंडळाची बिले जोडलेली असत. त्या बिलात 'पॉवर फॅक्टर' नावाचा एक रकाना असे. उसनी वीज फार वापरली तर दंड आणि कमी वापरली तर सवलत, असा त्याचा मतलब. दंड टाळण्यासाठी कारखानदार आपल्याच आवारात उसनी वीज पुरवणारे डबे बसवीत. त्यांना कपॅसिटर म्हणतात, आणि असे अनेक डबे एकत्र जोडले की त्याला 'कपॅसिटर बँक' म्हणतात. यंत्रसामग्रीच्या यादीत हे नाव वाचून शाखेत नव्याने आलेल्या एका कारकुनाने गंभीरपणे विचारले होते, 'साहेब, ही बँक आपल्या क्लिअरिंगमध्ये आहे का?' आम्ही सगळे हसलो. आज वाटते, त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तीही देवघेव करणारीच बँक, आणि तिचाही हिशेब कुठेतरी जुळवावाच लागतो. महाराष्ट्रात उच्च दाबाच्या ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून बिलच असे येते की त्यात खरी आणि उसनी दोन्ही वीज धरली जाते. कारखानदाराने हिशेब शिकला, कारण त्याला तो बिलातून शिकवला गेला.

एका कारखान्याचा हिशेब त्याच्या आवारात जुळतो. पण शेकडो पवनचक्क्या जिथे एका लांबलचक तारेच्या टोकाला उभ्या असतात तिथे काय होते?

त्यासाठी पालघर सोडून घाटावर जावे लागेल. महाराष्ट्रातले वाऱ्याचे मोठे पट्टे सातारा, सांगली, अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार या बाजूंना आहेत. ठोसेघरचा धबधबा पाहायला गेलेल्यांनी चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिलेल्या असतात. पाटण तालुक्यात वनकुसवडे, धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, ही नावे या धंद्यात सर्वांना परिचयाची आहेत. वारा पठारावर आणि डोंगरमाथ्यावर वाहतो, माणसे आणि कारखाने असतात दूर. म्हणजे पवनचक्की जन्मतःच तारेच्या टोकाला असते. मौज अशी की नव्वदच्या दशकात बसवलेल्या बहुतेक पवनचक्क्यांच्या आतला जनरेटर मोटरीच्याच जातीचा होता. तो खरी वीज देत असे आणि त्याच वेळी उसनी वीज मागत असे. वारा एकदम वाढला की दाब हले, एकदम पडला की पुन्हा हले. कुठे तारेत बिघाड होऊन दाब क्षणभर खाली गेला तर सगळ्या चक्क्या एकामागून एक ग्रिडपासून सुटत, म्हणजे आधाराची सर्वात जास्त गरज असेल तेव्हाच पळ काढीत. नव्या चक्क्या या बाबतीत पुष्कळ शहाण्या आहेत. तरीही जुन्या अजून फिरत आहेत, आणि तारेची लांबी काही कमी झालेली नाही.

यावर उपाय म्हणून 'स्टॅटकॉम' नावाचे यंत्र बसवतात. कपॅसिटरचा डबा फक्त देऊ शकतो, आणि तेही ठरावीक मापाने. स्टॅटकॉम देतो आणि घेतोही, आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी. घेण्याचीही गरज पडते, कारण रात्री उशिरा मागणी ओसरली की लांबच्या रिकाम्या वाहिन्यांवर दाब चढू लागतो. कमी दाब जसा वाईट तसा जास्त दाबही वाईट. यंत्र उत्तम आहे, पण महाग आहे. वाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्यावर ते बसवणे परवडत नाही.

इथे गोष्टीत सूर्य येतो, आणि तोही रात्रीचा.

सौर वीज केंद्रात पत्र्यांसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या उन्हातून वीज तयार करतात ती एकाच दिशेने वाहणारी, बॅटरीसारखी. तिला झुलणारी वीज बनवण्याचे काम इन्व्हर्टर करतो. हा इन्व्हर्टर उघडून पाहिला तर आत जी मांडणी असते, साधारण तीच स्टॅटकॉममध्ये असते. एकाच कापडाचे दोन सदरे म्हणा. सूर्य मावळला की इन्व्हर्टर झोपतो. सकाळ-संध्याकाळ अर्धवट कामावर असतो. कोट्यवधी रुपयांची यंत्रे निम्मा दिवस रिकामी, हे ऐकून कोणत्याही बँकवाल्याच्या कपाळावर आठी पडेल. रिकाम्या यंत्रावरही व्याज चालूच असते.

ही आठी एका इंजिनिअरच्याही कपाळावर पडली. राजीव वर्मा हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवलेले प्राध्यापक कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात वेस्टर्न विद्यापीठात गेले. त्यांनी २००९ साली असे मांडले की रात्री झोपलेल्या सौर केंद्राच्या इन्व्हर्टरलाच स्टॅटकॉम म्हणून जागे ठेवावे, आणि त्याच्याकडून शेजारच्या पवनचक्क्यांच्या तारेवरचा दाब सांभाळून घ्यावा. वारा रात्रीही वाहतो, आणि नेमका तेव्हाच सूर्याचा इन्व्हर्टर मोकळा असतो. त्यासाठी ऊन लागत नाही. उसनी वीज देण्या-घेण्यात खर्च होत नसल्यामुळे इन्व्हर्टरला फक्त स्वतःपुरती थोडीशी वीज ग्रिडकडून घ्यावी लागते. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच प्रांतातल्या सार्निया गावी १० किलोवॉटच्या एका छोट्या सौर संचावर हा प्रयोग प्रत्यक्ष ग्रिडला जोडून करून दाखवला गेला. २०१९ साली इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्स परगण्यात एका मोठ्या सौर केंद्राने रात्री दाब सांभाळण्याची अशीच सेवा देऊन पाहिली.

दिवसाही हे काम काही प्रमाणात होते. शाळेतला पायथागोरसचा त्रिकोण आठवा. १०० मापाचा इन्व्हर्टर ८० माप खरी वीज देत असेल तर त्याच्याकडे उसन्या विजेसाठी २० नव्हे, ६० माप जागा शिल्लक असते, कारण ६० आणि ८० यांच्या वर्गांची बेरीज १०० च्या वर्गाइतकी होते. ही बेरीज मला प्रथम कळली तेव्हा फार आनंद झाला. खात्यात शंभर रुपये असताना ऐंशी काढूनही साठ उरावेत असे आमच्या धंद्यात कधी घडत नाही.

आता साक्री तालुक्याकडे पाहा. तिथे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचे १२५ मेगावॉटचे सौर केंद्र २०१३ पासून आहे. आपल्याकडे वारा पावसाळ्यात सर्वात जोरात असतो. त्याच वेळी ढगांमुळे सौर केंद्राचे काम मंदावलेले असते. म्हणजे वाऱ्याच्या तारेला आधार हवा असतो तेव्हा सूर्याचा इन्व्हर्टर दिवसाही बराचसा मोकळा. निसर्गाने हिशेब जुळवूनच ठेवला आहे म्हणायचे. केंद्र सरकारनेही २०१८ साली वारा आणि सूर्य एकत्र आणणारे धोरण जाहीर केले. त्यात भर दिला आहे तो जागा आणि तारा दोघांनी मिळून वापरण्यावर. एकाने दुसऱ्याच्या तारेचा दाब सांभाळावा, हा विचार त्याच्या पुढचा आहे.

मग हे सर्वत्र होत का नाही? इथे मला माझा जुना धंदा आठवतो. यंत्र तेच काम करते ज्याचे पैसे मालकाला मिळतात. पवनचक्क्यांचाच इतिहास पाहा. सुरुवातीच्या काळात पवनचक्की उभारली की तिच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे आणि तेवढा प्राप्तिकर वाचे. नफ्यात असलेल्या, विजेशी काही संबंध नसलेल्या मंडळींनीही चक्क्या उभारल्या. सवलत उभारण्याची होती, म्हणून चक्क्या उभ्या राहिल्या. त्या किती फिरतात याची चौकशी नंतरची. २००९ साली सरकारने प्रत्येक युनिटमागे ५० पैसे जादा देण्याची योजना आणली, तेव्हा कुठे युनिटकडे लक्ष गेले. दाब सांभाळण्याचे पैसे मात्र दोन्ही वेळा कोणी देऊ केले नाहीत.

अगदीच दर नव्हता असेही नाही. २०१० च्या ग्रिड कोडात उसन्या विजेला युनिटमागे १० पैसे दर ठरला होता. दाब ९७ टक्क्यांच्या खाली असताना ती घेणाऱ्याने पैसे भरायचे आणि देणाऱ्याला मिळायचे. दाब १०३ टक्क्यांच्या वर गेला की उलट. नियम वाचून मन प्रसन्न होते, इतका तो न्याय्य होता. पण हा हिशेब राज्या-राज्यांच्या, मोठ्या वाहिन्यांच्या पातळीवरचा. रात्री इन्व्हर्टर जागा ठेवणाऱ्या मालकाच्या खिशापर्यंत तो पोचत नाही. त्याला रात्रीची थोडी वीज ग्रिडकडून घ्यावी लागते, यंत्र तापते, त्याचे आयुष्य घटते, आणि बदल्यात काही मिळत नाही. २०१३ पासून नव्या सौर व पवन केंद्रांनी खरी वीज देताना ठरावीक मर्यादेत उसनी वीजही देता-घेता आली पाहिजे, असे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे नियम सांगतात. म्हणजे अंगी ताकद आहे. रात्रपाळीचा पगार ठरलेला नाही.

हा तपशील तांत्रिक वाटेल. पण स्पेनमध्ये काय घडले ते पाहा. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी, ऊन लख्ख पडलेले असताना, स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची वीज काही सेकंदांत गेली. गाड्या बोगद्यांत अडकल्या, सिग्नल बंद पडले, फोन मुके झाले. वीज कमी पडली होती असे मुळीच नव्हते. युरोपातल्या तज्ज्ञांनी चौकशी केली तेव्हा दिसले की विजेचा दाब चढत गेला, दाब चढला म्हणून केंद्रे सुटत गेली, आणि ती सुटली म्हणून दाब आणखी चढला. दाब उतरवण्याची जबाबदारी असलेल्या काही जुन्या धाटणीच्या केंद्रांनी अपेक्षेएवढे काम केले नाही. आणि सौर व पवन केंद्रे ठरवून दिलेल्या एकाच प्रमाणात चालत राहिली, कारण तिथल्या नियमांनी त्यांच्याकडून दाब सांभाळण्याची अपेक्षाच केलेली नव्हती. हाताशी हजारो इन्व्हर्टर होते, पण त्यांना कोणी काम सांगितले नव्हते.

पूर्वी हे काम न सांगता होत असे. तारापूर किंवा डहाणूसारख्या केंद्रातले अवजड फिरते जनरेटर खऱ्या विजेबरोबर उसन्या विजेचीही देवघेव करतात. त्यांच्यावर आपण इतके निर्धास्त होतो की तिला सेवा म्हणावे असे कधी वाटलेच नाही. घरात आजी असते तोवर दुधाकडे कोण पाहते हे कोणाच्या लक्षात येत नाही, तसे. कोळशाची केंद्रे हळूहळू मागे सरतील, तेव्हा हे काम कोणाकडे द्यायचे ते आधी ठरवलेले बरे.

आता पुन्हा पालघरकडे. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आणला. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी छोटी सौर केंद्रे उभारायची आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, अशी ती योजना. हे इन्व्हर्टर चर्चगेटला नाहीत, शेजारणीच्या घरात आहेत. करार होताना त्यात एक कलम घालता येईल, की रात्री आणि ढगाळ दिवशी या इन्व्हर्टरने वाहिनीचा दाब सांभाळावा, आणि त्याबद्दल मालकाला ठरलेला मोबदला मिळावा. वाऱ्याच्या पट्ट्यात हे कलम पवनचक्क्यांच्या कामी येईल, डोंगरातल्या वाहिनीवर पाड्यांच्या.

हा रामबाण उपाय आहे असा माझा दावा नाही. गावात शिरणारी तार बारीक आणि जुनी असेल, ट्रान्सफॉर्मर त्याच्या ताकदीबाहेर लादलेला असेल, तर दाबाचा मोठा वाटा तिथेच पडतो, आणि तिथे उसनी वीज फारशी मदत करू शकत नाही. तिथे जाड तारच ओढावी लागते आणि नवा ट्रान्सफॉर्मरच बसवावा लागतो. कोणताही अनुभवी वायरमन हे सांगेल. पण उपकेंद्रापर्यंतच दाब अर्धमेला होऊन पोचत असेल तर पुढची जाड तारही काय करणार? दोन्ही कामे बरोबरीने व्हायला हवीत.

त्याआधी एक स्वस्त काम आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तारेच्या शेवटच्या घरात दाब किती पोचतो, याची नोंद ठेवणे. आपल्या घरी २३० व्होल्टच्या आसपास वीज यावी असे ठरलेले आहे. जिल्ह्यात किती मेगावॉट तयार झाले याचा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो. मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यात संध्याकाळी सात वाजता किती व्होल्ट पोचले, हा आकडा कोणी सांगत नाही. तो रोज लिहिला गेला, तालुक्याच्या ठिकाणी फळ्यावर लागला, तर तो वाढवण्याचे पैसे कोणी कोणाला द्यायचे हेही ठरेल. वहीत जे लिहिले जात नाही त्याची वसुली होत नाही, हे बँकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात.